सेनापतीचं खोकं

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

"खोक्यावर सेनापती लिहिलंय ना, मग आत सेनापतीच निघाला पाहिजे, विदूषक निघाला तर लढाई कोण करणार?" तू मला हे म्हणाली होतीस तेव्हा मी पहिलीत होते. तुझ्या कपडेपटाच्या दुकानात बसून मी सगळ्या खोक्यांची झाकणं आपापसांत बदलून टाकली होती, आणि तू न रागावता माझ्यासमोर ती पुन्हा एकेक करून लावत होतीस. त्या संध्याकाळी कुठल्याशा नाटकातला राजा भिकाऱ्याची झोळी घेऊन दरबारात गेला, असं बाबा अजून सांगतात. तू म्हणतेस तसं काही झालं नव्हतं. कुणाचं खरं मानू?

आज ते वाक्य आठवायचं कारण आमच्या चाळणबाई. या आमच्या टीममधल्या सगळ्यात जुन्या बाई. त्यांच्या नजरेतून बारीकसं काही सुटत नाही म्हणून मागे सगळे चाळणबाई म्हणतात. त्यांना ते माहीत आहे. त्यांनी आपल्या कपावर चाळणीचं चित्र चिकटवलंय.

तुला माहीत आहेच, आम्ही एका वाचनालयासाठी प्रोग्रॅम लिहितोय. पुस्तक कुणी नेलं, कुणी परत आणलं, कोण विसरलं, हे सगळं त्यात. मी लिहिलेलं काम आधी दुसरं कुणीतरी वाचतं, शेरे मारतं, आणि त्यांचं समाधान झालं की मगच ते पुढे जातं. माझं चाळणबाई वाचतात. गेल्या आठवड्यात माझ्या कामावर त्यांचे इतके शेरे आले की मला माझंच काम त्यात सापडेना. आणि सगळे शेरे एकाच गोष्टीवर: नावं.

फंक्शन म्हणजे काय ते तुला सांगते. एखाद्या कामाची कृती लिहून ठेवायची आणि तिला नाव द्यायचं. मग कधीही नुसतं नाव घेतलं की ते काम होतं. बाबा "चहा" एवढंच म्हणतात आणि आई उठते, तसं. (आई हल्ली उठत नाही. त्याला आम्ही बिघाड म्हणतो, ती सुधारणा म्हणते.)

तर चाळणबाईंचा एक नियम आहे, परक्या कानाचा नियम. फंक्शनचं नाव अशा माणसाला वाचून दाखवायचं ज्याला आपल्या कामातलं ओ की ठो कळत नाही. त्याने फक्त सांगायचं की हे काय करत असेल. त्याचा अंदाज चुकला तर चूक त्याची नाही, नावाची. मी म्हटलं, असा कान माझ्याकडे आहे. म्हणून खाली माझी चार नावं लिहिते. आम्ही ती रोमन लिपीत लिहितो, तुझ्यासाठी मराठीत उतरवलीत. कुणाला विचारू नकोस, जे मनात येईल ते लिही.

हाताळ. दुरुस्त२. तात्पुरतं. तपास.

फोनवर सांगू नकोस. फोनवर तुझ्या मागे कुणीतरी मुकुट मागत असतं आणि तू "मग बोलू" म्हणून ठेवून देतेस.

तुझी,
ठमी


११ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

ओ की ठो न कळणारा कान म्हणून माझी निवड झाली, हे वाचून धन्य झाले. पत्र शिलाई मशीनवर ठेवून उत्तर लिहितेय, अक्षर हललं तर समजून घे.

हाताळ: पुस्तक हातात घ्यायचं, उलटसुलट करायचं, किंमत बघायची आणि ठेवून द्यायचं. असे लोक माझ्याकडे रोज येतात.

दुरुस्त२: पहिल्या दुरुस्तीने जे बिघडलं ते निस्तरायला केलेली दुसरी दुरुस्ती. हे मी पैजेवर सांगते.

तात्पुरतं: दोन कच्चे टाके घालून वेळ मारून नेलेलं काम. यात मला तुझा काही दोष दिसत नाही. माझ्या दुकानात वर्षानुवर्षं टिकलेले तात्पुरते टाके आहेत, पक्क्या शिवणी उसवल्या तरी ते हलत नाहीत.

तपास: हे सोपं आहे. नुसतं बघायचं. बघून कुणाला काही बोलायचं नाही.

आता बरोबर किती ते कळव, आणि चाळणबाईंना सांग की चाळणीला भोकं असतात म्हणूनच ती चाळते. म्हणजे त्यांनीही थोडंफार सोडून द्यावं.

इकडे सगळं ठीक. झग्यांना उन्हात घातलं. हौशी मंडळींचं नाटक झालं, त्यांचं सामान परत येतंय. सेनापतीचं खोकं मात्र अर्धवट आलंय. नेणारं गिऱ्हाईक काल येऊन फक्त पट्टा देऊन गेलं. बाकीचं विसरलो म्हणालं. दातांच्या कवळ्या बनवायचा व्यवसाय आहे. इतका नाजूक धंदा करणारं माणूस असं विसरभोळं कसं, असं मला वाटलं. पण पट्ट्याचं पितळ घासून चकचकीत करून आणलं होतं. आजवर कुणी घासून आणलं नव्हतं. असो.

तुझी आत्या

ता.क. राजाच्या हातात झोळी गेली होती. आता एवढ्या वर्षांनी सांगायला हरकत नाही. लोकांना वाटलं नाटकच तसं आहे.


१९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

झोळीचं वाचून बाबांना फोन केला. ते अर्धा तास हसत होते आणि "मी म्हणत होतो ना" एवढंच म्हणत होते.

तुझं पत्र मी चाळणबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि सगळ्या टीमला उभं राहून वाचून दाखवलं. "दुरुस्त२" वर टाळ्या पडल्या, कारण ते खरंच तसं आहे. तुला मानाचं पद मिळालंय. आता कुणाचंही नाव अडलं की लोक विचारतात, "आत्यांना कळेल का?"

"हाताळ" चं झालं "परत आलेलं पुस्तक नोंदव". "तात्पुरतं" म्हणजे लोकांसाठी राखून ठेवलेल्या पुस्तकांची यादी होती, तर त्याचं झालं "राखलेली पुस्तकं सांग". "दुरुस्त२" वाचकांच्या नावांमधल्या चुकून पडलेल्या रिकाम्या जागा काढायचं, आता त्याचं नावही तेच सांगतं. मी कुरकुर केली की नावं फार लांब होतात. चाळणबाई म्हणाल्या, नाव लांब असलं तर बोटं दुखतात, खोटं असलं तर डोकं.

"तपास" मात्र मी तसंच ठेवलं. खरं सांगायचं तर ते नुसतं बघत नाही. कुणाच्या पुस्तकाची मुदत संपलीय ते बघतं आणि त्यांना पुस्तक परत करा असं पत्रही पाठवतं. पण ते ओघानेच आलं ना? बघितलं आणि दिसलं, तर माणूस बोलणारच. शिवाय नाव छोटं आहे, गोड आहे, मी सगळ्यात आधी लिहिलेलं ते. चाळणबाई चार दिवस रजेवर होत्या, म्हणून ते माझ्या शेजारी बसणाऱ्याने वाचलं. त्याला आम्ही "हरकत नाही" म्हणतो. का ते तुला कळलंच असेल.

कवळीवाला सेनापती झाला होता? घोषणा देताना कुणाची कवळी निसटली तर लगेच बसवायला बरा. बाकीचं सामान दिलं का त्याने?

तुझी,
ठमी


२७ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

माझा कान बरोबर होता आणि तू ऐकलं नाहीस. लक्षात ठेव.

दिलं. म्हणजे देतंय. सोमवारी तलवार आली. गुरुवारी बूट आले, तेही डावा आधी. उजवा सापडत नव्हता म्हणालं, आणि दुसऱ्या दिवशी उजवा घेऊन आलं. मी म्हटलं, एकदाच सगळं आणलं असतं तर तुमची चक्कर वाचली असती. तर म्हणालं, दुकान वाटेवरच आहे. ठमे, त्याचं काम करायचं ठिकाण नदीच्या पलीकडे आहे, माझं दुकान कुणाच्याच वाटेवर नाही. पण गिऱ्हाइकाशी वाद कोण घालणार?

आता आलं की बसतं. माझं काही अडत नाही, मी टाके घालत असते. परवा कवळी कशी करतात ते सांगितलं. आधी मेणात सगळे दात मांडून बघायचे, मग माणसाला घालून हसायला सांगायचं. लोक म्हणे कवळी घालून हसायला लाजतात, म्हणून आधी काहीतरी विनोद सांगावा लागतो. त्याच्याकडे याच कामासाठी विनोद साठवून ठेवलेले आहेत. एक मलाही सांगितला. फारसा चांगला नव्हता. हसू आलं ते तो सांगून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या काळजीने बघितलं त्याचं.

तेव्हाच म्हणाले, "तुमचा पुढचा एक दात किंचित तिरका आहे. कुणी काही म्हणालं तरी तो सरळ करून घेऊ नका."

धंद्याच्या दृष्टीने बोलले असतील. या लोकांना सगळीकडे दातच दिसतात. मला मात्र शाळेपासून तो दात ओठाखाली ठेवून हसायची सवय, तुझ्या आजीने लावलेली. तेव्हापासून दोन-तीनदा आरशासमोर उभी राहिले, म्हटलं बघू तरी काय आहे त्यात. तिरका दात आहे, आणखी काय असणार.

पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली म्हणे. मुलगा दूर असतो. हे मी विचारलं नव्हतं, बोलण्यात आलं.

आता टोप आणि मिशी राहिली आहे. मिशी लहान असते, हरवायला वेळ लागत नाही. बघू.

तुझी आत्या


९ मार्च

प्रिय आत्या,

तुझा कान बरोबर होता. आता ऐक.

शुक्रवारी "हरकत नाही" ला जाणून घ्यायचं होतं की वाचनालयाच्या किती लोकांकडे पुस्तकं अडकली आहेत. त्याने फंक्शनांची यादी बघितली, त्यात "तपास" दिसलं. त्याला वाटलं, वा, नुसतं बघायचं तर आहे. त्याने वाचनालयाच्या सगळ्या जुन्या नोंदींवर ते चालवलं. सगळ्या, आत्या. वाचनालय उघडलं तेव्हापासूनच्या. "आपल्याकडील पुस्तकाची मुदत संपली आहे, ते तात्काळ परत करावे" असं पत्र गावभर गेलं. ज्यांनी लहानपणी गोष्टीचं पुस्तक नेलं होतं आणि आता ज्यांना नातवंडं आहेत, त्यांनाही गेलं. ग्रंथपालांचा फोन आला तेव्हा त्यांना धड बोलता येत नव्हतं.

मी टेबलाखाली जाऊन बसावं की काय अशा विचारात असताना चाळणबाई खुर्ची ओढून शेजारी आल्या. मला वाटलं आता खैर नाही. त्यांनी आधी विचारलं की तू जेवलीस का. मग विचारलं, "हे नाव ठेवलंस तेव्हा पत्र पाठवायचं काम तुझ्या डोक्यात होतं?"

मी म्हटलं, होतं.

"मग नावातून का गाळलंस?"

आत्या, मग खरं ते सांगितलं. एका फंक्शनने दोन कामं करू नयेत हे मला माहीत होतं. दुसरं काम नावात लिहिलं असतं तर सगळ्यांना दिसलं असतं. मलासुद्धा. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, बहुतेक वाईट नावं आळसाने पडत नाहीत, लाजेने पडतात.

मग आम्ही दोघींनी मिळून त्याचे दोन भाग केले. "मुदत संपलीय का ते बघ", हे एक. ते फक्त बघतं, मुकाट्याने. आणि "मुदत संपल्याचं पत्र पाठव", हे दुसरं. दोन्ही नावं तुझ्या कानाला बरी वाटतील. मला रडू येत होतं, पण काम इतकं छान सुटं झालं की मध्येच हसूही आलं.

घरी आल्यावर तुझी पत्रं काढून बसले. वाचता वाचता हातात पेन्सिल कधी आली कळलं नाही. सवय वाईट. तर माझे शेरे असे.

तू "गिऱ्हाईक" म्हणतेस. गिऱ्हाईक वस्तू नेतं आणि परत देतं. हे गिऱ्हाईक नदीपलीकडून येतं, बसतं, कवळीची कृती सांगतं, विनोद सांगतं, एक बूट आज आणि एक बूट उद्या आणतं. नावात आहे त्यापेक्षा काम जास्त होतंय.

तू "सामान परत येतंय" म्हणतेस. परत घ्यायला माणसाला आरशासमोर उभं राहावं लागत नाही.

आणि तुझ्या पत्रात एका ओळीपर्यंत ते "म्हणालं" आहे, पुढच्या ओळीपासून "म्हणाले". चाळणबाईंनी इथे गोल केला असता.

याला आपल्याकडे ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात. फक्त इथे भांडी दोघांकडेही आहेत. आत्या, दुसरं काम नावातून का गाळलंस?

तुझी लाडकी आणि आगाऊ,
ठमी


२२ मार्च

ठमे,

माझ्या पत्रांवर पेन्सिल चालवू नकोस. मी तुझा प्रोग्रॅम नाही.

वाचनालयाचं वाचून वाईट वाटलं. जेवत जा वेळेवर.

कळवायचं म्हणजे सेनापतीचं खोकं पूर्ण झालं. टोप आला, मग मिशीही आली. मिशी काडेपेटीत घालून आणली होती, कापसावर ठेवून. मी प्रत्येक वस्तू बघितली, खोक्यात घातली, झाकण लावलं, सुतळी बांधली, आणि म्हटलं, झालं, आता तुमच्याकडे आमचं काही राहिलं नाही. रोजच म्हणते मी हे सगळ्यांना, धंद्याचं वाक्य आहे. ते म्हणाले, "नाही. काही राहिलं नाही." थोडा वेळ उभे राहिले आणि गेले.

त्याला आता दहा-बारा दिवस झाले.

तू म्हणशील, मग बोलवायचं. कशासाठी बोलवू? माणसाला येण्यासाठी काहीतरी कारण लागतं आणि कारणं संपली. मी कधी कुणाला विनाकारण बोलावलेलं नाही. दुकानात लोक येतात ते वस्तूसाठी, मी त्यांच्याशी चांगली बोलते, ते जातात. इतकी वर्षं छान चाललं आहे. मला एकटं राहायला येतं, ठमे. ते काही सगळ्यांना येत नाही, मी त्याचा अभिमान बाळगते. आता या वयात कुणी येऊन खुर्चीवर बसलं आणि उठून गेलं, तर खुर्ची रिकामी दिसायला लागते, एवढंच. आधी ती खुर्चीच होती.

काल एक मंडळी सेनापती मागायला आली. मी नाही म्हटलं. धुवायला टाकलाय म्हणून सांगितलं. खोकं तिथेच, सगळं सामान आत, लेबल बरोबर. तुला लहानपणी शिकवलं तसं. आयुष्यात पहिल्यांदा एखादं खोकं पूर्ण भरलेलं बघून मला चिडचिड झाली.

हे वाचून फाडून टाक. दादाला सांगू नकोस.

आत्या


२९ मार्च

प्रिय आत्या,

फाडलं नाही. बाबांना सांगितलं नाही. पेन्सिलही लावली नाही.

तुला वाचनालयाचं पुढचं सांगायचं राहिलं. मी घाबरत घाबरत ग्रंथपालांची माफी मागायला गेले, चाळणबाईंबरोबर. दारात रांग होती, आत्या. हातात पुस्तकं घेतलेली माणसं. एक आजोबा शाळेत असताना नेलेलं विज्ञानाचं पुस्तक घेऊन आले होते, त्यात त्यांनी वाळवलेलं पान होतं आणि ते ग्रंथपालांना पान परत मिळेल का विचारत होते. एक बाई आईच्या नावावरचं पुस्तक घेऊन आल्या. आई आता नाही, पण पत्रावर आईचं नाव बघून त्यांना इतकं बरं वाटलं की पत्र जपून ठेवलंय म्हणाल्या. दोन माणसं रांगेत ओळखीची निघाली, एका बाकावरची, आणि आतमध्ये बसून त्यांनी इतका गोंगाट केला की ग्रंथपालांना शांतता राखा म्हणावं लागलं. तेही हसत हसत. ग्रंथपाल माझ्यावर रागवायचं विसरले. म्हणाले, लोकांना यायचंच होतं हो, फक्त कुणी बोलावलं नव्हतं. इतकी वर्षं पुस्तक ठेवून घेतलं म्हणून संकोच होता, पत्राने तो गेला.

परत येताना चाळणबाई म्हणाल्या की चूक ती चूकच, आणि तू पुन्हा असं नाव ठेवलंस तर मी तुला त्याच वाचनालयात धूळ पुसायला पाठवेन. मग मला त्यांच्या डब्यातलं खायला दिलं.

आत्या, एक पत्र चुकून गेलं तर इतकी माणसं आली. एक मुद्दाम गेलं तर एक माणूस येणार नाही?

सामान परत घेण्याचं काम संपलं. ते नाव गेलं. पण त्याच्या पोटात लपलेलं दुसरं काम अजून चालूच आहे, म्हणून तर खुर्ची रिकामी दिसते. त्याला फक्त स्वतःचं नाव हवंय. काय ठेवायचं ते मी सांगणार नाही. मी परका कान.

तुझी,
ठमी


१० एप्रिल

माझ्या ठमे,

पत्र लिहायला बसले होते. तुला नाही, त्यांना. वरती काय लिहायचं तिथेच अडले. "प्रिय" लिहिलं, ते खोडलं. "महोदय" लिहिलं, ते वाचून मलाच हसू आलं, बँकेतून आल्यासारखं वाटलं. तीन कागद गेले. शेवटी दुकानाला कुलूप लावलं आणि नदी ओलांडून गेले. वाटेत लक्षात आलं की ते दर वेळी एवढं चालत यायचे, एका बुटासाठी.

त्यांची खोली लहान आहे, खिडकीशी टेबल. मेणाचा वास. सगळीकडे दात, मांडून ठेवलेले, हसणारे, माणूस नसलेले. आधी दचकले, मग गंमत वाटली. ते वाकून काहीतरी घासत होते. मला बघून उभे राहिले आणि पहिलं काय म्हणाले असतील? "काही राहिलं का द्यायचं?"

मी म्हटलं, नाही. खोकं पूर्ण आहे. मी सामानासाठी आलेली नाही.

त्यांनी खुर्चीवरचे साचे उचलून खुर्ची रिकामी केली. तेव्हा मला टेबलावर ती कवळी दिसली. वरचे सगळे दात ओळीत, सरळ, आणि पुढचा एक किंचित तिरका. मी बघतेय हे त्यांनी बघितलं आणि कानापर्यंत लाल झाले. म्हणाले, गिऱ्हाइकाने परत पाठवली. एक आजी आहेत, त्या म्हणाल्या, माझे खरे दातसुद्धा एवढे वाकडे नव्हते. एवढी वर्षं काम करतोय, अशी चूक कधी झाली नाही. हात आपोआप गेला.

ठमे, तुमच्याकडे "हरकत नाही" च्या हातून गावभर पत्रं गेली, आणि इथे एका आजींच्या तोंडात माझा दात गेला. मी हसायला लागले ते थांबेना. दात ओठाखाली घ्यायचं भान राहिलं नाही. ते आधी माझ्याकडे काळजीने बघत राहिले, मग तेही हसले. त्यांचा विनोद न सांगता.

हसू ओसरल्यावर मी म्हटलं, मी गिऱ्हाईक म्हणून आलेली नाही, आणि तुम्हीही आता माझं गिऱ्हाईक राहिलेले नाहीत. मग तुम्ही पुन्हा दुकानात आलात तर कोण म्हणून येणार, ते मला कळत नाही. माझी एक भाची आहे, ती म्हणते नाव नीट ठेवलं नाही तर घोटाळे होतात.

त्यांनी खरंच विचार केला. घासायची पट्टी हातात घेऊन, खाली बघत. मग म्हणाले, "आत्तापुरतं काहीतरी तात्पुरतं म्हणा."

मी म्हटलं, माझ्या दुकानातले तात्पुरते टाके वर्षानुवर्षं टिकतात. पक्क्या शिवणी उसवतात, ते हलत नाहीत.

ते म्हणाले, "मग चालेल."

एवढंच बोलणं झालं. तुझ्या चाळणबाईंना यात गोल करायला पुष्कळ जागा सापडेल. नाव अजून ठेवलेलं नाही. पण ते मंगळवारी आले, हातात काही नव्हतं. रिकाम्या हातांचं काय करावं त्यांना कळेना, म्हणून मी त्यांना गुंडाळायला सुतळी दिली. सुतळी गुंडाळून झाली तरी बसले. काल पुन्हा आले. मी सेनापतीचं खोकं त्या मंडळींना देऊन टाकलं, धुऊन झाला म्हणून सांगितलं. जाऊ दे त्याला लढाईवर.

दादाला मीच सांगेन. तो अर्धा तास हसेल आणि "मी म्हणत होतो ना" म्हणेल, जरी तो काहीच म्हणत नव्हता. तोपर्यंत तू तोंड मिटून ठेव, मुकाट्याने बघणाऱ्या त्या फंक्शनसारखं.

आणि एक मागणं आहे. तुमच्या त्या प्रोग्रॅममध्ये कुठेतरी आत, कुणाची नजर जाणार नाही अशा जागी, एका फंक्शनचं नाव "सेनापती" ठेव. त्याने काय करायचं ते मी ठरवलं आहे: पुस्तक परत द्यायला आलेलं माणूस परत दिल्यावरही थोडा वेळ रेंगाळलं, तर त्याला "आता तुमच्याकडे काही राहिलं नाही" असं लगेच सांगायचं नाही. जरा थांबायचं. मला माहीत आहे, तू नाही म्हणणार. म्हणशील, सेनापती या नावावरून हे कुणाला कळणार आहे, खोक्यावर एक आणि आत भलतंच, आणि हे तूच तर मला शिकवलंस. चाळणबाईंपर्यंत गेलं तर त्या कपासकट उठून उभ्या राहतील. सगळं मान्य. तरी विचारून बघते: ठेवशील?

तुझी आत्या